‘टेली’चीं दोन कुळें

विज्ञानाच्या पुस्तकांतील पारिभाषिक शब्द पाहिले कीं आमचे बहुतेक विद्यार्थी घाबरून जातात. शब्द लांब, उच्चार अवघड, आणि अर्थाचा तर पत्ताच नाहीं. तेव्हां ते कसेबसे पाठ करावे व परीक्षा होतांच विसरून जावे, असा क्रमच पडून गेला आहे. यांत सर्वस्वीं विद्यार्थ्यांचाच दोष आहे असें नाहीं. आम्ही शिक्षकही पुष्कळदां शब्दाचा अर्थ तेवढा सांगतों; तो शब्द कोठून आला, त्याचे अवयव कोणते, आणि ते एकत्र कां आले, हें सांगत नाहीं. वास्तविक हे बहुतेक शब्द म्हणजे दोन किंवा तीन लहान ग्रीक शब्दांचे समास होत. आणि ‘विद्यालय’ म्हणजे विद्येचें आलय हें ज्याला कळतें, त्याला हे समास उलगडण्यास कांहींच हरकत नसावी.

या लेखांत अशा एकाच शब्दांशाची ओळख करून देण्याचा विचार आहे. तो शब्दांश म्हणजे ‘टेली’. टेलिस्कोप, टेलिग्राफ, टेलिफोन, टेलिव्हिजन हे शब्द विद्यार्थ्यांच्याच नव्हे, तर त्यांच्या आईबापांच्याही तोंडीं आहेत. त्यामुळें हा विषय घरीं बसून बोलण्यासारखा आहे. पण हा शब्दांश निवडण्याचें आणखी एक कारण आहे. याच शब्दांशानें मला एकदां भर वर्गांत खोटें पाडलें, आणि त्या प्रसंगीं मीं जें शिकलों तें मला कोणत्याही महाविद्यालयांत शिकावयास मिळालें नव्हतें. ती हकीकत पुढें येईलच. आधीं शब्दाची कथा पाहूं.

दूर पाहणें

ग्रीक भाषेंत ‘तेले’ असें एक अव्यय आहे. त्याचा अर्थ ‘दूर’, ‘लांब अंतरावर’. इंग्रजीच्या द्वारें आमच्याकडे येतांना त्याच्या ‘त’चा ‘ट’ झाला, इतकेंच. हा शब्द फार जुना आहे. होमरच्या महाकाव्यांतही तो आढळतो. ‘ओडिसी’ या काव्याचा नायक ओडिसियस याच्या मुलाचें नांव तेलेमाखोस. यांत ‘तेले’ म्हणजे दूर व ‘माखे’ म्हणजे लढाई. ‘दूरवरून लढणारा’ असा त्या नांवाचा अर्थ सामान्यतः करतात. नव्या कराराच्या मूळ ग्रीक पाठांतही या शब्दाचा एक सुंदर वंशज आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या ८ व्या अध्यायांत बेथसैदा येथील आंधळ्याची गोष्ट आहे. त्याला शेवटीं सर्व कांहीं स्पष्ट दिसूं लागलें, हें सांगतांना जें क्रियाविशेषण योजिलें आहे, तें ‘तेलाउगोस’. ‘तेले’ म्हणजे दूर आणि ‘आउगे’ म्हणजे तेज. दूरची वस्तुही उजळून दिसावी, इतकें स्पष्ट. पुढें शेंकडों वर्षांनीं याच शब्दाला मनुष्याच्या दृष्टीशीं पुन्हां नातें जोडावयाचें होतें, हा एक मौजेचा योग म्हटला पाहिजे.

इ. स. १६०८ च्या ऑक्टोबर महिन्यांत हान्स लिपरहे नांवाच्या चष्मे करणाऱ्या कारागिरानें हॉलंडांतील हेग येथें सरकारकडे एक अर्ज केला. दूरच्या वस्तु जवळ दिसाव्या असें एक यंत्र आपण केलें असून त्याचा हक्क आपणांस मिळावा, अशी त्याची मागणी होती. यंत्र म्हणजे काय, तर एक नळी व तिच्या दोन टोंकांना दोन भिंगें. ही वार्ता १६०९ सालीं इटलींत गॅलिलिओच्या कानीं आली. त्यानें स्वतः भिंगें घासून तसलें यंत्र तयार केलें, त्याची शक्ति वाढवीत वाढवीत वीसपट केली, आणि १६१० च्या जानेवारींत तें आकाशाकडे वळवून गुरु ग्रहाभोंवतीं फिरणारे चार उपग्रह शोधून काढले. परंतु एवढें सर्व होईपर्यंत त्या यंत्राला आजचें नांव मिळालें नव्हतें! कोणी त्याला इटालियन भाषेंत नळीचा चष्मा म्हणे, तर गॅलिलिओ आपल्या लॅटिन ग्रंथांत त्याला ‘पेर्स्पिसिल्लुम’ म्हणत असे.

नांव ठेवण्याचा समारंभ १४ एप्रिल १६११ रोजीं रोम शहरीं झाला. फेदेरिको चेसी नांवाच्या विद्याप्रेमी सरदारानें गॅलिलिओच्या सन्मानार्थ मेजवानी दिली होती. त्या मंडळींत जोव्हान्नी देमिसियानी नांवाचा एक ग्रीक विद्वान होता. त्यानें आपल्या मातृभाषेंतील ‘तेले’ या शब्दाला ‘स्कोपेइन’, म्हणजे पाहणें, या क्रियापदाची जोड देऊन ‘टेलिस्कोप’ हें नांव सुचविलें, असें इतिहासज्ञ सांगतात. बाळ अडीच वर्षांचें झाल्यावर त्याचें बारसें झालें म्हणावयाचें!

मराठी मुलाला या समासांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. आपला ‘दुर्बीण’ हा शब्द फारसींतून आला आहे. त्यांत ‘दूर’ म्हणजे दूर, आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. म्हणजे ग्रीक पंडितानें रोममध्यें जो समास रचला, त्याच सांच्याचा समास आमच्या आजोबांच्या बोलण्यांत होता. आम्हीं तो कधीं उलगडून पाहिला नाहीं, इतकेंच.

दूर लिहिणें, दूर ऐकणें, दूर मोजणें

‘टेली’चा दुसरा पराक्रम फ्रान्सांत झाला. क्लॉद शाप नांवाच्या गृहस्थानें उंच उंच मनोरे उभारून त्यांवर हलते लांकडी बाहु बसविले. बाहूंच्या निरनिराळ्या स्थिति म्हणजे निरनिराळ्या खुणा. एका मनोऱ्यावरील खूण दुसऱ्या मनोऱ्यावरील मनुष्यानें दुर्बिणीनें पाहावी, व तीच पुढें करावी. १७९४ सालीं पॅरिसपासून लील शहरापर्यंत अशी मालिका तयार झाली, आणि लढाईच्या बातम्या राजधानींत घोडेस्वाराच्या कितीतरी आधीं येऊं लागल्या. या यंत्राला शाप प्रथम ‘ताशिग्राफ’ म्हणणार होता. ‘ताखुस’ म्हणजे जलद व ‘ग्राफेइन’ म्हणजे लिहिणें. जलद लिहिणारें यंत्र. त्याच्या एका मित्रानें सुचविलें कीं, जलदपेक्षां ‘दूर’ हाच या यंत्राचा खरा विशेष आहे. तेव्हां ‘टेलिग्राफ’ हें नांव कायम झालें. यावरून विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, टेलिग्राफ हा शब्द मूळचा विजेचा नव्हे, तारेचाही नव्हे.

वीज त्यांत मागाहून आली. आमच्या देशांत डॉ. ओ’शॉनेसी यांनीं १८३९ सालीं कलकत्त्याजवळ विजेच्या तारेचा प्रयोग केला. अमेरिकेंत सॅम्युएल मोर्स यांनीं २४ मे १८४४ रोजीं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला संदेश धाडला. आम्हीं मराठींत त्या साधनालाच ‘तार’ म्हणूं लागलों, आणि दारांत तारवाला उभा राहिला कीं घरांत सर्वांचे चेहरे उतरत. आमच्या देशांतील ही तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यांत कायमची बंद झाली. म्हणून आजच्या विद्यार्थ्याला ‘तार आली’ या दोन शब्दांतील धास्ती समजावयाची असेल, तर त्यानें ती आपल्या आजीला विचारावी.

याच प्रसंगीं एक गंमत सांगण्यासारखी आहे. तारेनें आलेल्या संदेशाला ‘टेलिग्राम’ म्हणावें, अशी सूचना १८५२ सालीं अमेरिकेंत पुढें आली. तेव्हां इंग्लंडांतील कांहीं ग्रीकपंडितांनीं हरकत घेतली कीं, ग्रीक व्याकरणाप्रमाणें हा शब्द अशुद्ध असून ‘टेलिग्राफीम’ असें रूप पाहिजे. परंतु लोकांनीं पंडितांचें ऐकलें नाहीं. सोपा शब्द टिकला.

यापुढील वंशविस्तार थोडक्यांत सांगतों. ‘फोने’ म्हणजे ध्वनि. जर्मनींत फिलिप राइस यानें १८६१ सालीं आपल्या यंत्राला ‘टेलिफोन’ हें नांव दिलें होतें. पुढें १८७६ सालीं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें मनुष्याची वाणी तारेंतून स्पष्ट ऐकविली, आणि तें नांव सर्व जगाचें झालें. ‘दूरध्वनि’ हा आमचा शब्द म्हणजे त्याचें अक्षरशः भाषांतर. ‘टेलिव्हिजन’ हा शब्द १९०० सालीं पॅरिस येथील विद्युत्‌परिषदेंत कॉन्स्टंटिन पेर्स्की या रशियन गृहस्थानें आपल्या निबंधांत योजिला. यांत मात्र ‘टेली’ ग्रीक आणि ‘व्हिजन’ लॅटिन. असा मिश्रविवाह झालेला पाहून पुष्कळ भाषाभिमानी लोकांनीं नाकें मुरडलीं. आमचा ‘दूरदर्शन’ हा शब्द त्या मानानें निर्मळ आहे. त्याचे दोन्ही अवयव संस्कृत. दिल्ली येथें १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दूरदर्शनाचे प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाले, व मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें.

‘मेत्रोन’ म्हणजे माप; म्हणून ‘टेलिमेट्री’ म्हणजे दुरून मोजणें. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यांत चांद्रयान ३ चंद्रावर उतरलें, आणि ‘विक्रम’ या अवतरकानें तेथील मातींत उष्णतामापक खुपसून तिचें तापमान मोजलें. चंद्र पृथ्वीपासून सरासरीनें ३,८४,००० किलोमीटर दूर. परंतु तेथील आंकडे आमच्या शास्त्रज्ञांनीं येथें बसून वाचले. आणि पुणें जिल्ह्यांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें, जी रेडिओ-दुर्बीण आहे ती तर आमच्या अगदीं घरची. तिच्या ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. तेथें कोणी भिंगाला डोळा लावून बसत नाहीं. आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरी त्या तबकड्या टिपतात. तरी नांव टेलिस्कोपच. कारण दूरच्या वस्तूचें ज्ञान करून घेणें हा धर्म कायम आहे.

एवढीं उदाहरणें पाहिल्यावर कोणीही विद्यार्थी नियम बांधील कीं, ‘टेली’ दिसला कीं अर्थ ‘दूर’, आणि त्यापुढील अवयव सांगेल कीं दुरून काय करावयाचें : पाहावयाचें, लिहावयाचें, ऐकावयाचें कीं मोजावयाचें. नियम सोपा आहे, आठवणींत राहण्यासारखा आहे. मींही तो असाच बांधला होता.

मुशीचा कांटा

सुमारें बारा वर्षांपूर्वींची गोष्ट. त्या वेळीं मी समुद्रकांठच्या एका गांवीं शिक्षक होतों. वरच्या इयत्तेला प्राण्यांचें वर्गीकरण शिकवितांना माशांचा विषय आला, आणि ‘टेलिऑस्ट’ हा शब्द फळ्यावर लिहावा लागला. तो पाठ्यपुस्तकांतला नव्हता. मुलांना अधिक ज्ञान द्यावें या हौसेनें मीं तो दुसऱ्या ग्रंथांतून आणला होता. ‘ऑस्टिऑन’ म्हणजे हाड, हें मला ठाऊक होतें. ‘टेली’ तर काय, रोजच्या ओळखीचा! मीं क्षणभरही न अडखळतां सांगितलें, “ज्या माशांचीं हाडें एकमेकांपासून दूर दूर असतात, ते टेलिऑस्ट.” मुलांनीं लिहून घेतलें. पुढें घटक चाचणींत मीं तोच प्रश्न दोन गुणांना घातला.

सर्व वर्गानें माझेंच वाक्य परत लिहून दिलें. एकाच मुलानें लिहिलें नाहीं. तो कोळीवाड्यांतून येणारा, अबोल, मागच्या बांकावर बसणारा मुलगा होता. त्यानें लिहिलें होतें तें असें : बांगडा, सुरमई, पापलेट यांचीं हाडें दूर दूर नसतात, जवळजवळ असतात व कठीण असतात, मुशीला आणि पाकटाला तसा कांटाच नसतो, आंत मऊ कुरकुरीत असतें, म्हणून हाड पक्कें झालेले मासे, असा या शब्दाचा अर्थ असावा. मीं त्यावर तांबड्या शाईनें फुली मारली, दोहोंपैकीं शून्य गुण दिले, आणि खालीं शेरा लिहिला, ‘वर्गांत लक्ष द्यावें.’

शाळा सुटल्यावर तो कागद हातांत घेऊन माझ्याकडे आला.

“सर, गुणांचें कांहीं नाहीं,” तो म्हणाला, “पण आई घरीं मुशी कापते तेव्हां मी पाहतों. आणि सुरमईही पाहतों. दूर हाडें कशाचीं असतात, तें तेवढें सांगा.”

“पुस्तकांत आहे तें खरें मानावें,” मीं म्हटलें, “आपल्या स्वयंपाकघरावरून शास्त्र ठरत नसतें.”

तो कांहीं बोलला नाहीं. कागदाची घडी करून निघून गेला.

मी घरीं आलों, पण मनाला स्वस्थता नव्हती. कारण मुलाला सांगितलें तें असत्य होतें, हें मला त्याच वेळीं कळलें होतें. पुस्तकांत तसें कोठेंही लिहिलेलें नव्हतें. तें केवळ माझ्या डोक्यांत होतें, आणि मीं पुस्तकाच्या नांवावर खपविलें होतें. विद्यार्थिदशेंत एका वृद्ध पाळकसाहेबांनीं मला ग्रीक अक्षरें व थोडेंसें व्याकरण शिकविलें होतें. त्या वेळचा नव्या कराराचा जुना कोश कपाटांत होता. रात्रीं तो काढला, आणि पानें उलटतां उलटतां मला घाम फुटला.

दुसरें कूळ

ग्रीक भाषेंत ‘ए’ या स्वराला दोन अक्षरें आहेत. एकाचें नांव ‘एटा’, तें दीर्घ. दुसऱ्याचें ‘एप्सिलॉन’, तें ऱ्हस्व. ‘दूर’ या अर्थाच्या ‘तेले’ शब्दांत पहिला स्वर एटा आहे. परंतु ‘तेलोस’ नांवाचा दुसरा एक शब्द आहे, त्यांत पहिला स्वर एप्सिलॉन आहे. रोमन लिपींत दोन्ही स्वर एकाच अक्षरानें लिहितात. तेथें दोन्ही शब्दांचे चेहरे सारखे होतात आणि वाचणारा फसतो. आमच्या देवनागरींतही ऱ्हस्व ‘ए’ला निराळें चिन्ह नाहीं, कानडी व तेलुगु लिप्यांत मात्र आहे.

ही फसगत मराठी मुलाला सहज समजेल. ‘दिन’ म्हणजे दिवस, आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा, आणि ‘सूत’ म्हणजे धागा. आपण यांच्यांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळतों. परंतु हेच शब्द कोणी इंग्रजी अक्षरांत लिहिले, आणि एखाद्या परकीय मास्तरानें ‘दीनबंधु’ म्हणजे ‘दिवसाचा भाऊ’ असा अर्थ आपल्या मुलांना शिकविला, तर आपण हंसूं कीं नाहीं? मीं टेलिऑस्टचा अर्थ सांगितला, तो नेमका याच जातीचा.

‘तेलोस’ या शब्दाचा अर्थ शेवट, पूर्णता, आणि ज्यासाठीं एखादी गोष्ट केली जाते तो हेतु. त्यावरूनच ‘तेलेइओस’ म्हणजे ‘पूर्ण झालेला’ हें विशेषण होतें. टेलिऑस्ट म्हणजे ज्यांचा सांगाडा पूर्णपणें हाडांचा झाला आहे असे मासे. हें नांव जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यानें १९ व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास दिलें. बांगडा, सुरमई, पापलेट, बोंबील, नदींतील रोहू, हे सर्व या गटांतले. आज ज्ञात असलेल्या माशांच्या जातींपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक जाति यांतच मोडतात. मुशी व पाकट मात्र यांत येत नाहींत, कारण त्यांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. आपल्या कानाच्या पाळीच्या वरचा भाग दाबून पाहिला तर कूर्चा म्हणजे काय तें हाताला कळतें. म्हणजे कोळीवाड्यांतील त्या मुलानें आईच्या विळीशेजारीं बसून जो अर्थ काढला होता, तोच म्युलरच्या मनांतला अर्थ होता.

दुसऱ्या दिवशीं पहिल्या तासाला मीं फळ्यावर दोन्ही ग्रीक अक्षरें काढलीं, आणि वर्गाला सांगितलें कीं मीं शिकविलेला अर्थ चूक होता. इतकेंच नव्हे, तर ‘पुस्तकांत आहे’ हें मीं म्हटलें तेंही खरें नव्हतें. त्या मुलाचा कागद मागून घेतला, फुली खोडली, दोहोंपैकीं दोन गुण दिले, आणि खालचा शेरा खोडून त्याजागीं लिहिलें, ‘शिक्षकानें लक्ष द्यावें.’ वर्गांत कोणी हंसलें नाहीं. मला भीति होती कीं यापुढें मुलें माझा मान ठेवणार नाहींत. अनुभव उलट आला. त्या दिवसापासून मुलें अधिक प्रश्न विचारूं लागलीं.

त्या मुलानेंही एक प्रश्न विचारला. “सर, हे मासे पूर्ण म्हटले, तर मुशी अपुरी म्हणायची काय? ती तर तशीच असते.” प्रश्न उत्तम होता. नांव देणाऱ्यानें आपल्या दृष्टीनें नांव दिलें. मुशी कांहीं अपुरी नव्हे. कूर्चेच्याच सांगाड्यावर तिचें कूळ सुमारें ४० कोटी वर्षें समुद्रांत नांदत आलें आहे. शब्द आपल्याला वस्तूकडे नेतो. पण वस्तूविषयींचा शेवटचा निवाडा त्यानें करावयाचा नसतो.

‘तेलोस’चीं इतर मुलें

या दुसऱ्या कुळांतील आणखी कांहीं शब्द विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावे. पेशी विभागते तेव्हां त्या क्रियेच्या अखेरच्या अवस्थेला ‘टेलोफेज’ म्हणतात. येथें ‘दूर’ असा अर्थ घेतला तर कांहींच बोध होत नाहीं, ‘शेवट’ घेतला तर सर्व स्पष्ट होतें. गुणसूत्राच्या टोंकाशीं असलेल्या भागाला ‘टेलोमिअर’ हें नांव हर्मन मुलर या शास्त्रज्ञानें १९३८ सालीं दिलें. ‘मेरोस’ म्हणजे भाग, म्हणून टेलोमिअर म्हणजे शेवटचा भाग. दोरीचें टोंक उसवूं नये म्हणून आपण गांठ मारतों, तसें हे भाग गुणसूत्राच्या टोंकांचें रक्षण करतात. हें रक्षण कसें होतें याच्या शोधाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर व जॅक शोस्टॅक यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तत्त्वज्ञानांत ‘टेलिऑलजी’ म्हणून एक शब्द आहे. सृष्टींतील वस्तूंच्या मागें कोणता हेतु आहे याचा विचार, असा त्याचा अर्थ. ख्रिस्तियान वोल्फ या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १७२८ सालीं लॅटिन ग्रंथांत तो प्रथम वापरला.

‘तेलोस’चा आणखी एक अर्थ होता, तो म्हणजे कर किंवा जकात. नव्या करारांतील मत्तय हा जकातदार होता, त्या धंद्याचें ग्रीक नांव ‘तेलोनेस’ याच शब्दावरून आलें. आणि आमच्या मुलांपैकीं जे टपालाचीं तिकिटें जमवितात, त्यांच्या छंदाचें नांव ‘फिलाटेली’, तेंही येथलेंच! ‘फिलोस’ म्हणजे प्रिय, ‘आतेलेइआ’ म्हणजे करमाफी. पत्र पाठविणाऱ्यानें तिकीट लावलें म्हणजे घेणाऱ्याला कांहीं द्यावें लागत नसे. म्हणून झॉर्झ एर्पँ या फ्रेंच गृहस्थानें १८६४ सालीं हा शब्द बनविला. या शब्दाच्या शेवटीं ‘टेली’ आहे खरा, पण त्याचा ‘दूर’शीं कांहीं एक संबंध नाहीं, जरी तिकिटें दूरदूरच्या देशांहून येत असलीं तरी!

विद्यार्थ्यांस व पालकांस

विद्यार्थी मित्रांनो, या सर्वांतून घ्यावयाची गोष्ट एवढीच. शब्दाचे अवयव सोडवावयास शिका. त्यानें पाठांतराचा भार निम्म्यानें हलका होतो. परंतु दोन शब्दांचे चेहरे सारखे दिसले म्हणून ते एका घरचे समजूं नका. व्युत्पत्ति लावली कीं ती लगेच वस्तूशीं ताडून पाहा. अर्थ आणि वस्तु यांचें जमत नसेल, तर वस्तूला खोटी म्हणूं नका. आपला अर्थ पुन्हां तपासा. आणि शिक्षकानें सांगितलेलें जर तुमच्या डोळ्यांनीं पाहिलेल्याशीं विसंगत असेल, तर नम्रपणें, पण न भितां, विचारा.

पालकांस एक विनंति आहे. आपणांपैकीं पुष्कळांस वाटतें कीं आपण फारसें शिकलों नाहीं, तेव्हां मुलांच्या अभ्यासांत आपला काय उपयोग? त्या कोळीणबाईला ग्रीक येत नव्हतें. पण तिच्या विळीखालीं जें सत्य होतें, तें माझ्या पदवीखालीं नव्हतें. आपल्या शेतांत, दुकानांत, होडींत, स्वयंपाकघरांत मुलाला जवळ बसूं द्या आणि त्याच्या प्रश्नांना उत्तर द्या. शाळेनें दिलेला शब्द आणि घरानें दाखविलेली वस्तु यांची जेथें गांठ पडते, तेथेंच विद्येला आरंभ होतो.

शेवटीं सरावासाठीं तीन शब्द देतों : टेलिप्रिंटर, टेलिमेडिसिन, टेलोमरेज. यांपैकीं कोणता शब्द कोणत्या कुळांतला, तें ठरवून कारणासह लिहून आणावें. उत्तर मी येथें देत नाहीं. आणि कोणाचें उत्तर माझ्या उत्तराहून निराळें आलें, तर फुली मारण्यापूर्वीं मी कोश उघडीन, एवढें वचन मात्र देतों.

— एक शिक्षक